४३ नंबरचं कार्ड

अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. फ्लीअर कंपनीचं बेसबॉल कार्ड, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेलं, जमवायचं कार्ड. १९६३, नंबर ४३. त्यावर मॉरी विल्स, लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक).

फ्लीअरच्या या कार्डांचं पाकीट फोडलं की कार्डांसोबत बिस्कीट निघायचं. च्युइंगगमबरोबर खेळाडूंची कार्डं विकायचे हक्क टॉप्स कंपनीनं करार करून बांधून ठेवले होते, त्यातून फ्लीअरनं काढलेली ही वाट. टॉप्सनं कोर्ट गाठलं आणि मालिका ६६ कार्डांवरच थांबली.

टॉप्सची माणसं मायनर लीगमधल्या (मुख्य लीगच्या खालच्या स्पर्धांमधल्या) होतकरू पोरांच्या हातावर ५ डॉलर ठेवून सह्या घेत. विल्स तिथे आठ वर्षं घासत होता. हा काही वर जायचा नाही, असं धरून त्यांनी त्याला वगळलं. १९५९ मध्ये तो डॉजर्समध्ये आला. टॉप्सला मात्र १९६७ पर्यंत त्याचं कार्ड काढता आलं नाही.

आता १९६२. बेस म्हणजे धावताना गाठायचे मैदानावरचे टप्पे. पहिल्या बेसपासून दुसरा ९० फुटांवर. चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून सुटायच्या बेतात असतानाच पळत सुटायचं आणि कॅचरची (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याची) फेक पोहोचायच्या आत दुसऱ्या बेसला पाय लावायचा. याला बेस चोरणं म्हणतात. नुसत्या वेगानं हे जमत नाही. पिचरच्या टाचा वाचाव्या लागतात: उजव्या हातानं टाकणाऱ्याची मागची टाच आधी उचलली गेली, तर तो वळून पहिल्या बेसकडे फेकणार, पुढची उचलली, की निघायचं. पिचरचा असा अभ्यास हेच विल्सचं खरं भांडवल. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदान कर्मचाऱ्यांनी पहिल्या बेसजवळ वाळू टाकून पाणी मारलं, त्याचा पाय रुतावा म्हणून. अंपायरनी ती माती उपसायला लावली.

मोसमाअखेर १०४ बेस चोरलेले, १३ वेळा बाद. टाय कॉब या जुन्या खेळाडूचा १९१५ चा ९६ चा विक्रम मोडला. त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला १०४ गाठता आले नाहीत! डॉजर्स ज्यात खेळत त्या नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. १९७२ मध्ये थांबला तेव्हा खात्यावर ५८६ चोऱ्या होत्या.

कार्ड घेताना आधी पट्टी लावा. माप जरा जरी कमी भरलं, तर झिजलेले कोपरे लपवायला कडा कापल्याची शंका घ्या. मग भिंग. फोटो ठिपक्यांचा दिसायला हवा, पण काळी अक्षरं भरीव. अक्षरांतही ठिपके दिसले, तर ती नक्कल. चारही बाजूंची किनार सारखी आहे का, तेही बघा. भाव तिथेच घसरतो.

टॉप्सचं १९६७ चं ५७० नंबरचं विल्सचं कार्ड पिट्सबर्ग संघाच्या गणवेशातलं. ते वर्षाच्या शेवटच्या खेपेतलं, म्हणून आजही सहज सापडत नाही.

१९७५ मध्ये टॉप्सनं जुन्या सर्वोत्तम खेळाडूंची त्या त्या वर्षीची कार्डं छोट्या आकारात छापायला घेतली. १९६२ चं विल्सचं कार्ड त्यांच्याकडे नव्हतंच. मग १९६२ च्या कार्डांच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या किनारीच्या साच्यात त्याचा फोटो बसवून, १३ वर्षांनी त्यांनी ते नव्यानं तयार केलं.