शिनकान्सेनचं वेड: काहीच न घडणाऱ्या प्रवासाविषयी

नमस्कार मंडळी.

शिनकान्सेनचा, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनचा, विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'ताशी किती?' म्हणून तो आधीच उरकून टाकतो. उत्तरेकडे जाणाऱ्या तोहोकू मार्गावर ३२० किलोमीटर, ओसाकाच्या पश्चिमेला सान्यो मार्गावर ३००, आणि टोकियो ते ओसाका हा जो सगळ्यात जुना तोकाईदो मार्ग, त्यावर २८५. चीनमध्ये ३५० ने गाड्या धावतात, फ्रान्समध्येही ३२० आहेच. नुसता वेगच बघायचा असेल तर जपानला जायची गरज नाही. तरीही जगभरातले रेल्वेवेडे आयुष्यात एकदा तरी त्या फलाटावर उभं राहायचं म्हणून पैसे साठवतात. मी त्यांतलाच एक. हे वेड नेमकं कशाचं, ते आज सांगायचं आहे.

शिनकान्सेनने प्रवास केलात तर तुमच्या लक्षात एक गोष्ट येईल. प्रवासात काहीच घडत नाही. फलाटावर खूण केलेली असते, बरोबर तिथेच दार उघडतं. गाडी सुटते ते कळतसुद्धा नाही. समोरच्या कपातला चहा हिंदकळत नाही. शेजारचा माणूस डबा खाऊन झोपलेला असतो. तोकाईदो मार्गावर दिवसाला साडेतीनशेच्या वर गाड्या धावतात, गर्दीच्या वेळी एका तासात सगळ्यात जलद, मोजक्याच स्थानकांवर थांबणाऱ्या 'नोझोमी' गाड्याच बारा सुटू शकतात, आणि वादळं, बर्फ, भूकंप सगळं धरून वर्षभराचा सरासरी उशीर भरतो गाडीमागे एक-दीड मिनिटाच्या आसपास. प्रवाशाला हे जाणवू नये अशीच सगळी रचना आहे. पण हे 'काहीच न घडणं' घडवून आणायला किती माणसं किती खपली, हे ज्याला एकदा दिसायला लागलं, त्याचं त्या गाडीवरून लक्ष हटत नाही.

आता मागे जाऊ या. ३० मे १९५७. टोकियोच्या गिन्झा भागातल्या यामाहा हॉलमध्ये एक जाहीर व्याख्यान झालं. जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून. विषय होता टोकियो-ओसाका तीन तासांत जाणं शक्य आहे का. तेव्हा सगळ्यात वेगवान गाडीला साडेसात तास लागत. जपानचे मुख्य मार्ग १०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम रुंद. जगात तर तेव्हा बोलबाला होता विमानांचा आणि महामार्गांचा. रेल्वे म्हणजे गेल्या शतकाची गोष्ट असं शहाणीसुरती माणसं म्हणत होती. अशा वेळी चार संशोधक व्यासपीठावर आले आणि एकेकाने आपापला भाग मांडला: डबे, रूळ, कंपनं आणि सिग्नल.

त्यांतल्या दोघांविषयी थोडं सविस्तर सांगतो. तादानाओ मिकी हे युद्धकाळात नौदलासाठी विमानांची रचना करत होते. आत्मघाती हल्ल्यासाठी बनवलेलं 'ओका' हे विमानही त्यांच्याच हातचं. युद्ध संपल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे शस्त्राशी संबंध येईल असं काम करायचं नाही, आणि ते रेल्वेत आले. हवेला कापत जाणारा आकार कसा असावा हे ज्ञान त्यांनी डब्याच्या नाकाला लावलं.

दुसरे तादाशी मात्सुदायरा. यांचं काम मला सगळ्यात विलक्षण वाटतं. रेल्वेचं चाक सपाट नसतं, किंचित निमुळतं असतं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली. त्यामुळे जोडी डावीकडे सरकली तर आपोआप उजवीकडे वळते, उजवीकडे सरकली तर डावीकडे. गाडी रुळांच्या मधोमध राहते ती अशी. पण वेग वाढला की हेच सरकणं नागमोडी झोकांड्यांत बदलतं, झोकांड्या वाढत जातात, आणि एका मर्यादेपलीकडे गाडी रुळांवरून उतरते. रेल्वेतले जुने अभियंते म्हणत होते की दोष रुळांचा, रूळ वाकडे आहेत म्हणून गाडी हलते. मात्सुदायरांनी युद्धात 'झीरो' विमानाच्या पंखांची थरथर अभ्यासलेली. ते म्हणाले, नाही, ही थरथर गाडीच्या स्वतःच्या अंगातून येते. रूळ अगदी सरळ असले तरी ती येणारच. मग त्यांनी बोगी, म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा, फिरत्या रोलरांवर चढवली, एका जागी ठेवून प्रचंड वेगात पळवली, आणि कुठली स्प्रिंग किती कडक हवी, आस किती घट्ट धरायला हवा ते शोधून काढलं. तुमच्या कपातला चहा हिंदकळत नाही, त्याची सुरुवात इथे आहे.

पैशांची आणि राजकारणाची बाजू सांभाळली ती रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा यांनी. खर्चाचा खरा आकडा सांगितला तर संसद मान्यता देणार नाही हे सोगोंना माहीत होतं. त्यांनी तो कमी करून मांडला, सुमारे १९७ अब्ज येन. शिवाय जागतिक बँकेकडून १९६१ मध्ये आठ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. रक्कम एकूण खर्चाच्या मानाने लहान, पण एकदा जागतिक बँकेला शब्द दिला की पुढच्या सरकारला काम गुंडाळता येणार नाही, हा खरा हेतू. शेवटी खर्च ३८० अब्जांवर गेला. १९६३ मध्ये दोघांनाही पायउतार व्हावं लागलं. १ ऑक्टोबर १९६४ ला, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, सकाळी सहा वाजता टोकियोच्या १९ क्रमांकाच्या फलाटावरून शिनकान्सेनची पहिली गाडी 'हिकारी' सुटली, तेव्हा फीत कापणाऱ्यांत हे दोघे नव्हते. शिमांनी तो सोहळा घरी बसून टीव्हीवर पाहिला. पुढे त्याच फलाटाच्या दक्षिण टोकाला सोगोंचा उठावाचा चेहरा बसवला गेला. टोकियोला गेलात तर फलाटाच्या टोकापर्यंत चालत जा. बहुतेक प्रवासी तिकडे फिरकतही नाहीत. तिथे कॅमेरा गळ्यात घातलेलाच कुणीतरी भेटेल.

गाड्यांच्या नाकाविषयी बोललो नाही तर इथले निम्मे श्रोते माझ्यावर रागावतील. पहिल्या '० सिरीज'चं नाक गोल, भोळं, निळा-पांढरा रंग. ती २००८ पर्यंत धावली. पण रेल्वेवेड्यांचं सगळ्यात जास्त प्रेम कुणावर असेल तर १९९७ च्या '५०० सिरीज'वर. लांबलचक, करड्या रंगाची, लढाऊ विमानासारखी. हा आकार देखणेपणासाठी काढलेला नव्हता. अडचण होती बोगद्यांची. जोरात धावणारी गाडी बोगद्यात शिरली की समोरची हवा दाबली जाते, ती दाबाची लाट आवाजाच्या वेगाने पुढे पळते आणि दुसऱ्या तोंडातून स्फोटासारखा आवाज करत बाहेर पडते. सान्यो मार्गावर बोगदेच बोगदे, आणि बोगद्यांच्या तोंडाशी गावं. तिथल्या लोकांची झोपमोड व्हायची.

या कामावरचे अभियंता एइजी नाकात्सु पक्षिनिरीक्षक होते. खंड्या हवेतून पाण्यात सूर मारतो तेव्हा पाणी जेमतेम उडतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. नाक पंधरा मीटर लांब झालं, त्या चोचीच्या वळणाचं. घुबड उडताना आवाज करत नाही, त्याच्या पंखाच्या कडेवर बारीक दाते असतात. ती युक्ती वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या छतावरच्या पेंटोग्राफला लावली. गाडी ताशी ३०० ने धावू लागली.

किंमतही मोजावी लागली. डबा गोल केल्यामुळे आत खिडकीशेजारी डोक्याला जागा कमी, टोकाच्या डब्यात नाकामुळे दार बसवायची अडचण, आसनांची मांडणी इतर गाड्यांशी जुळेना. एक गाडी रद्द झाली तर तिच्या जागी दुसरी सोडायची पंचाईत. सोळा डब्यांच्या नऊच गाड्या बनल्या. २००८ पासून तिला आठ डब्यांची करून सगळ्या स्थानकांवर थांबणाऱ्या 'कोदामा'च्या कामाला लावायला सुरुवात झाली, आणि २०१० मध्ये 'नोझोमी'वरून तिला काढलंच. २०२७ पर्यंत ती सेवेतून जाईल असं रेल्वेने जाहीर केलं आहे. वेगासाठी जन्मलेली गाडी प्रत्येक स्थानकावर बाजूला उभी राहते आणि तिच्यापुढून नव्या गाड्या निघून जातात, हे बघताना माझ्या पोटात कालवतं. ते मी लपवणार नाही.

सात मिनिटांत गाडी लखलखीत करणारे सफाई कर्मचारी तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेले असणार, त्यावर वेळ घालवत नाही. त्याऐवजी मोरिओका स्थानकाचं सांगतो, कारण मी तिथे उभा होतो.

आपल्याकडे कर्जतला गाडीला घाट चढायला मागून ढकलणारं इंजिन, म्हणजे बँकर, लागताना बघायला आपण वडा हातात घेऊन फलाटाच्या टोकाला जातो ना, तसंच मोरिओकाला. आओमोरीकडून हिरवी 'हायाबुसा' येते आणि थांबते. तिच्या मागच्या नाकाचं झाकण दोन्ही बाजूंना उघडतं, आतला कपलर, म्हणजे दोन गाड्या जोडणारा सांधा, दिसतो. मग आकिताकडून लाल 'कोमाची' येते. ही अंगाने जरा सडपातळ, कारण आकिताचा मार्ग जुनाच, फक्त गेज बदललेला. बोगदे, पूल सगळं जुन्या मापाचं. लाल गाडी काही अंतरावर थांबते. पुन्हा हलते, अगदी सावकाश. फलाटावरचा कर्मचारी पांढऱ्या मोज्यातलं बोट रोखून, मोठ्याने बोलून एकेक गोष्ट तपासतो. खट्ट असा लहानसा आवाज होतो. वडिलांच्या खांद्यावर बसलेली पोरं टाळ्या वाजवतात. सतरा डब्यांची एक गाडी झाली, आणि ती लगेच टोकियोकडे निघते, ताशी ३२० ने.

सप्टेंबर २०२४ मध्ये अशीच जोडलेली गाडी ताशी सुमारे ३१५ च्या वेगात असताना मध्येच सुटली. दोन्ही भागांना आपोआप ब्रेक लागले, दोन्ही थांबले, कुणालाही इजा झाली नाही. तपासात एका स्विचच्या मागे धातूचा कीस सापडला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा तसंच झालं, तेव्हा गाड्या जोडून चालवणं काही दिवस बंदच ठेवलं. इतका बारीक कीस! काहीच न घडण्यासाठी किती बारकाईने बघावं लागतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आणि बारकाईने बघणारी गाडी म्हणजे 'डॉक्टर येलो'. सात डब्यांची पिवळीधमक तपासणी गाडी. साधारण दहा दिवसांतून एकदा टोकियो ते हाकाता जाऊन यायची, ताशी २७० ने धावता धावता रुळांची पातळी आणि वरच्या तारेची झीज मोजायची. तिचं वेळापत्रक कधीच जाहीर होत नसे. त्यामुळे ती दिसली की दिवस चांगला जातो अशी समजूत पसरली. लहान मुलांचे डबे, मोजे, खेळणी सगळीकडे ती. मोठी माणसं जुन्या नोंदी जुळवून ती कुठल्या दिवशी कुठे असेल याचा अंदाज बांधत. दोनपैकी एक गाडी जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली, दुसरीही २०२७ च्या सुमारास जाणार. तिचं काम आता प्रवासी घेऊन धावणाऱ्या नव्या 'एन७००एस' गाड्यांना बसवलेली उपकरणं करतील. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ही प्रगतीच. पण तपासणी आता पांढऱ्या गाडीच्या आत लपली, आमच्यासारख्यांना ती दिसणार नाही.

म्हणूनच जपानमध्ये गाडीच्या शेवटच्या फेरीला फलाट भरून जातात. आपल्याकडे पुण्याला १ जूनला दख्खनच्या राणीचा वाढदिवस करतात, त्यामुळे मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिथे फोटो काढणारे वेगळे, नुसता प्रवास करणारे वेगळे, मोटरचा आवाज टिपणारे वेगळे, वेळापत्रकाचा जाडजूड अंक कादंबरीसारखा वाचणारे वेगळे. दर मार्चमध्ये वेळापत्रक बदललं की त्यांची दिवाळी. तोकाईदोच्या गाड्यांतली खाद्यपदार्थांची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली, तेव्हा चमचा वाकेल इतकं घट्ट ते व्हॅनिला आइस्क्रीम शेवटचं खायला लोक तिकीट काढून गेले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. क्युशू बेटावरचा शिनकान्सेन मार्ग १२ मार्च २०११ ला पूर्ण सुरू व्हायचा होता. त्याआधी २० फेब्रुवारीला कंपनीने जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी कागोशिमाहून हाकाताकडे एक रंगीत गाडी सोडली आणि लोकांना आवाहन केलं, रुळांकडेला या आणि हात करा. हजारो लोक आले. शेतांत, गच्च्यांवर, शाळेच्या मैदानांत उभे राहिले. कुणी नाचत होतं, कुणी कुटुंबाचा फलक धरून होतं. उद्‌घाटनाच्या आदल्याच दिवशी, ११ मार्चला, तोहोकूत भूकंप आणि त्सुनामी झाली. समारंभ रद्द झाले, जाहिरात थांबवली गेली. पण ती इंटरनेटवर पसरत राहिली, आणि दुःखात बुडालेल्या माणसांनी ती पुन्हापुन्हा पाहिली. त्याच ११ मार्चला तोहोकू मार्गावर प्रवाशांनी भरलेल्या गाड्या धावत होत्या. भूकंपमापकांच्या इशाऱ्याने वीज तुटली, ब्रेक लागले, आणि त्यांपैकी एकही रुळांवरून उतरली नाही. या दोन गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

आता आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद मार्ग उभा राहतो आहे. ५०८ किलोमीटर, बारा स्थानकं, त्यांतली चार महाराष्ट्रात: वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार, बोईसर. ठाण्याच्या खाडीखालून बोगदा. भाडं, जमीन, गरज यांवर भरपूर वाद आहेत, ते व्हायलाच हवेत. माझी मागणी मात्र एकच आहे आणि ती मी गंभीरपणे करतो. जपानमध्ये थोड्या येनांत फलाट तिकीट मिळतं, ते घेऊन कुणीही शिनकान्सेनच्या फलाटावर जाऊ शकतं. ओदावारासारख्या स्थानकावर मधल्या रुळांवरून न थांबणाऱ्या गाड्या जातात, तेव्हा अख्खं स्थानक हादरतं आणि पोरं किंचाळतात. सुरक्षेच्या नावाखाली आपण फक्त तिकीटवाल्या प्रवाशालाच वर सोडू नये. बोईसरच्या, विरारच्या शाळेतल्या मुलांना कठड्यामागे उभं राहून ती गाडी जाताना बघता आली पाहिजे. तुमच्यापैकी जे रेल्वेत आहेत, प्रवासी संघटनांत आहेत, त्यांनी स्थानकांचे नियम ठरायच्या आधीच हे लेखी मागून घ्यावं. मसुदा लिहायला मी बसतो तुमच्याबरोबर.