कट कुठे मारायचा हे पायांना माहीत असतं

हा जो शॉट आत्ता व्हिडिओत दिसतोय ना, तो कॅमेऱ्यासाठी केलेल्या नाचाचा माझा पहिला. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून ट्रायपॉड, रेकॉर्डचं बटण दाबलं, पळत पुढे गेले आणि अख्खा नाच एका दमात केला. स्टेप एकही चुकलेली नाही, ताल सुटलेला नाही, तरी बघताना मिनिटाभरात लक्ष उडतं. मला खूप वाईट वाटलं होतं तेव्हा, कारण तोच नाच समोर बसून बघणाऱ्यांना आवडला होता.

मग काय हरवलं? समोर बसलेल्या माणसाला तुमचा श्वास ऐकू येतो, पाय आपटला की खालची जमीन जाणवते, आणि मुख्य म्हणजे कुठे बघायचं हे तो स्वतः ठरवतो, कधी हात, कधी चेहरा, कधी मागच्या रांगेतली ती एक मुलगी. कॅमेरा यातलं काहीच आपणहून करत नाही. तुम्ही जिथे ठेवला तिथून, जेवढं दाखवलं तेवढंच.

आता जागेचं गणित बघा, हे मला कळायला फार वेळ लागला. स्टेजवर आपल्याला शिकवतात की पुढे या, पसरा, समोरची अख्खी रुंदी वापरा. कॅमेऱ्यासमोर उलटं असतं. लेन्सच्या जवळ जागा चिंचोळी असते आणि जसजसं लांब जाल तसतशी ती पसरत जाते, त्रिकोणासारखी, आणि टोकाला लेन्स. म्हणजे जवळ आलात की एक पाऊल बाजूला टाकलं तरी फ्रेमच्या बाहेर. पण तेच जर मागून सरळ लेन्सच्या दिशेने चालत आलात, तर चार पावलांत तुम्ही मुंगीएवढे होतात ते पडदाभर होता. अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमने 1970च्या दशकात फिल्ममेकर चार्ल्स अ‍ॅटलसबरोबर खास व्हिडिओसाठी नाच बसवायला सुरुवात केली, तेव्हा या दोघांचं बरंचसं काम याच प्रश्नावर चाललं होतं, कॅमेऱ्याची जागा वेगळी आहे तर नाचही तिच्यासाठी वेगळाच बसवला पाहिजे. फोनच्या उभ्या फ्रेममध्ये तर हे रोज अनुभवायला येतं. हात दोन्ही बाजूंना पसरले की बोटं कापली जातात, पण उडी, वाकणं, जमिनीवर बसून उठणं, हे सगळं तिथे सुंदर दिसतं.

आणि आता ज्या फिल्मने माझं डोकं उघडलं तिच्याबद्दल. 1945 सालची, अमेरिकेतली प्रायोगिक दिग्दर्शिका माया डेरेनची. आवाज नाही, तीन मिनिटांच्या आत संपते. नाव साधारण असं की कॅमेऱ्यासाठी नृत्यरचनेचा एक अभ्यास. नाचणारा आहे टॅली बीटी, आणि मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे श्रेयनामावलीत दोघांची नावं बरोबरीने आहेत. सुरुवातीला कॅमेरा झाडांमधून हळूहळू फिरतो आणि तोच नर्तक वाटेत पुन्हा पुन्हा दिसतो, जणू कॅमेऱ्याच्या आधी धावत पुढे पोचतोय. मग तो जंगलात पाय उचलतो, आणि पाय खाली येतो तो एका घरातल्या खोलीत. बस, एवढंच. एक पाऊल. पण ते पाऊल कुठल्याच स्टेजवर टाकता येणार नाही, आणि नुसत्या एडिटिंगनेही होणार नाही, कारण पाय उचलण्याचा जो वेग आणि जे वजन पहिल्या शॉटमध्ये आहे तेच दुसऱ्यात आहे, म्हणून आपलं शरीर बघताना अडखळत नाही. शेवटी एक उडी आहे, अनेक शॉट जोडून केलेली, आणि ती इतकी लांबते की बघताना आपणच श्वास धरून बसतो. मी ते पाऊल किती वेळा मागे-पुढे करून बघितलं असेल.

त्याच रात्री स्वतः करून बघितलं. ते हे. पाय आत उचलला, बाहेर टेकवला, दोन शॉट, जोडले, आणि साफ खोटं वाटलं. का ते कळेना. मग एकेक फ्रेम सरकवत बघितलं तेव्हा लक्षात आलं, पहिल्या शॉटमध्ये मी पाय उचलून क्षणभर थांबले होते, पोझ दिल्यासारखी, आणि दुसरा शॉट त्या पोझपासूनच सुरू केला होता. म्हणजे जोड बरोबर अशा जागी आला होता जिथे शरीर थांबलंय, आणि थांबलेल्या शरीरावर कट मारला की डोळ्याला तो लगेच दिसतो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जात असताना कट मारला की डोळा हालचालीच्या मागे असतो, त्याला जोड दिसत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. दोन्ही शॉटमध्ये पूर्ण हालचाल करायची, दोन काउंट, म्हणजे मोजलेले ठोके, आधीपासून सुरू आणि दोन काउंट नंतरपर्यंत चालू, मग टाइमलाइनवर ठरवायचं की नेमकं कुठल्या क्षणी उडी मारायची एका शॉटमधून दुसऱ्यात. आणि तो क्षण शोधताना मी सॉफ्टवेअरकडे बघत नाही खरं तर, मी खुर्चीतून उठते, ती स्टेप पुन्हा करते, आणि तोल जिथे सुटतो तिथे बोट ठेवते. नाच शिकताना इतकी वर्षं जे पायांत बसलं तेच इथे कामाला आलं. एडिटिंग नवीन शिकतेय असं मला वाटत होतं, त्यातलं निम्मं मला आधीच येत होतं.

आता ही गिरकी. पहिल्या वेळी कॅमेरा जागेवर स्थिर, मी फिरतेय, गिरकी नीट दिसते. दुसऱ्या वेळी कॅमेरा धरणारी मैत्रीण माझ्याभोवती उलट्या दिशेने चालली, वेग दुप्पट वाटतो. तिसऱ्या वेळी ती माझ्याच दिशेने, माझ्याच वेगाने फिरली, आणि बघा काय झालं, माझा चेहरा अगदी स्थिर आणि मागची खोली गरगर फिरतेय. स्टेप एकच, माझ्या बाजूने काहीही बदललेलं नाही. तेव्हापासून कॅमेरा धरणाऱ्याला मी रिहर्सलला पहिल्या दिवसापासून बोलावते, तिलाही काउंट पाठ असतात, कारण तीही नाचतेच आहे.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगते. सेकंदाला 24 किंवा 25 फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश मिळण्याचा वेळ, 1/50 सेकंदाच्या आसपास ठेवलं तर हाताच्या हालचालीला जी थोडी पुसट रेघ येते ती राहते, शटर फार फास्ट केलं की हालचाल तुटक तुटक दिसते. 120 फ्रेमने शूट करून 24ने चालवलं तर पाचपट स्लो, पण स्लो मोशन जपून वापरा, त्यात उडीचं वजन निघून जातं आणि सगळेच एकसारखे सुंदर दिसायला लागतात. फ्रेममध्ये पाय कापू नका, कापायचेच असतील तर ठरवून कापा.

संगीताबद्दल मात्र थांबून सांगायचंय. मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं आणि 24 फ्रेम, म्हणजे दर 12 फ्रेमला एक ठोका, मग मोह होतोच की प्रत्येक ठोक्यावर कट. मी पहिले सगळे व्हिडिओ असेच केले. प्रत्येक कट ठोक्यावर. ते बघताना थकायला होतं, कारण नाच ठोक्यावर पोचायच्या आधीच सुरू झालेला असतो, हात उचलायच्या आधी श्वास घेतला जातो, आणि कट त्या श्वासालाच कापून टाकतो. आता मी आधी गाणं बंद करते. पूर्ण एडिट आवाजाशिवायच करते, नुसत्या शरीराच्या लयीवर, आणि संगीत शेवटी लावते. मग पावलांचा, कपड्यांचा, श्वासाचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून खाली घालते, तो नसला तर जमिनीवर पडलेलं शरीर कापसासारखं वाटतं.

आणि सगळेच कट चांगले असं नाही हं. जुन्या हॉलिवूडमधला नर्तक-अभिनेता फ्रेड अ‍ॅस्टेअर, त्याचा आग्रह असायचा की नाच डोक्यापासून पायापर्यंत अख्खा दिसावा आणि मध्ये कमीत कमी तोडावा, आणि त्याचे नाच बघताना तो आग्रह पटतो. माझ्या या नव्या तुकड्यात मधली चाळीस सेकंदं एकच शॉट आहे. तिथे कट मारून बघितला होता, तीन वेगवेगळ्या जागी, तिन्ही काढून टाकले.

तो तुकडा आता लागेल, मी मध्ये बोलणार नाही. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून बघा, मग चालू करून.