‘मूव्हिंग’ : उडणाऱ्या पोराच्या दप्तरातली वजनं

(दृश्य : फोंडा बसस्थानक, सकाळ. गणवेशातली मुलं कदंबच्या बसमध्ये चढताहेत.)

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा व्हिडिओ एका कोरियन मालिकेबद्दल आहे, पण तुम्हाला दिसणार आहे ते गोव्यातलं फोंडा, म्हापसा आणि पेडणे. मालिकेतली दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. आणि खरं सांगायचं तर या मालिकेत आकाशातून झेपावणारे वीर कमी, बस गाठायला धावणारी पोरंच जास्त. आपली बसस्थानकं तिला शोभून दिसतात.

मालिकेचं नाव ‘मूव्हिंग’. ऑगस्ट 2023 मध्ये डिस्ने प्लसवर आली, एकूण 20 भाग. लेखक कांग फुल हा मूळचा चित्रकथाकार, मोबाइलवर वाचायच्या चित्रकथांचा. 2015 मधली स्वतःचीच चित्रकथा त्याने मालिकेसाठी नव्याने लिहिली. दिग्दर्शक पार्क इन-जे. 2024 च्या बेकसांग या दक्षिण कोरियातल्या पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागाचा सर्वोच्च मान तिला मिळाला. म्हणजे कौतुक भरपूर होऊन गेलंय. आम्ही त्यात थोडी भर घालू आणि बरीच कुरकुर करू. मालिका बघायची राहिली असेल तर सावध, पुढे कथा उघड होणार आहे.

(दृश्य : हायर सेकंडरीचं आवार. दप्तरं, डबे, सायकली.)

शाळेच्या शेवटच्या वर्षातली तीन मुलं. किम बोंग-सोक हवेत तरंगतो. जांग हुई-सूची जखम आपोआप भरून येते. वर्गाचा मॉनिटर ली कांग-हून याच्या अंगात अफाट ताकद. तिघांनाही हे आईबापांकडून मिळालंय, आणि आईबाप एकेकाळी सरकारी गुप्तहेर खात्याच्या तावडीत सापडलेले. आता ते कुणी खानावळ चालवतंय, कुणी चिकन तळतंय, कुणी दुकान सांभाळतंय. पोरांची शक्ती खात्याच्या नजरेस पडू नये, एवढीच त्यांची धडपड.

बोंग-सोककडे जरा जवळून बघू. हा मुलगा शाळेत जाताना दप्तरात डंबेल भरतो आणि पायांना वाळूच्या पिशव्या बांधतो. तरीही मन उचंबळलं की पाय जमीन सोडतात. मग तो गणितातल्या ‘पाय’ची (π) किंमत म्हणायला लागतो, तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ... आकड्यांत डोकं अडकलं की पाय खाली येतात. आणि हुई-सू शेजारी येऊन बसली की बिचाऱ्याला आकडे पुरत नाहीत. पौगंडावस्थेवर इतकं नेमकं काही आम्ही बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. कुणी भाषण देत नाही, पार्श्वसंगीत कढ काढत नाही. जमिनीपासून बोटभर वर उचललेले बूट, बस्स. भूमिकेसाठी ली जोंग-हा या नटाने सुमारे 30 किलो वजन वाढवलं. ते कारणी लागलंय, कारण या पोराचं जडपण हीच त्याच्या आईची युक्ती आहे.

(दृश्य : खानावळीचं स्वयंपाकघर. कढईत कटलेट सोडलं जातंय.)

आई ली मी-ह्यन डोनकासची खानावळ चालवते. डोनकास म्हणजे डुकराच्या मांसाचा तुकडा थापून, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं कटलेट. गोव्यात याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. लेकाला ती ताट भरभरून वाढते, कारण भरल्या पोटाचं पोर जमिनीला धरून राहतं. या बाईचे कान, डोळे, नाक माणसाच्या पल्याड तीक्ष्ण. खात्याने एकेकाळी तिच्याकडून हेरगिरी करून घेतली. आता तेच कान पोराची चाहूल घेतात. हान ह्यो-जू ही नटी हे सगळं काउंटर पुसता पुसता करते. मान किंचित वळते, हात थांबतो आणि पुन्हा चालू होतो. मालिकेतली कितीतरी हाणामारी या एका थांबण्यापुढे फिकी आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. शक्ती लपवावी लागते तोवर ही मालिका उत्तम आहे. शक्ती दाखवायची वेळ आली की मालिका चारचौघींसारखी होते.

(दृश्य : पेडण्यातल्या एका देवळापुढचा मंडप. दशावतारी नट आरशात बघून रंग लावतोय.)

बसचालकाची गोष्ट घ्या. जॉन ग्ये-दोच्या अंगात वीज आहे. कधीकाळी तो मुलांच्या कार्यक्रमात विजेचा वीर व्हायचा. चमकदार वेश, समोर टाळ्या पिटणारी पोरं. आता तो त्याच पोरांना शाळेला पोचवणारी बस हाकतो. मूळ चित्रकथेत नसलेली जी पात्रं मालिकेत ठळकपणे आली, त्यांतल्या मारेकरी फ्रँकची चर्चा जास्त झाली. आमची पसंती या चालकाला. पेडण्यात, सिंधुदुर्गात जत्रांचा मोसम सुरू झाला की दशावतारी नटांबद्दल म्हणतात, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’. देवळापुढे रात्रभर तलवार परजणारा माणूस सकाळी कामावर हजर असतो, आणि गावाला त्यात काही वावगं वाटत नाही. ग्ये-दोच्या गावाला मात्र तो कोण होता हेच ठाऊक नाही. चा थे-ह्यन या नटाने ही खंत फार न रडता केलीय.

आता कुरकुर.

पहिले सात भाग एकाच दिवशी आले. त्यांत मुलं आहेत आणि मधूनमधून निवृत्त गुप्तहेरांना एकेक करून संपवणारा फ्रँक आहे. रक्त इतकं की घरच्यांबरोबर बसून बघणं कठीण. ज्या मालिकेचा जीव आईबाप आणि लेकरांत आहे, ती आईबाप आणि लेकरांनी एकत्र बघू नये, हा उफराटा प्रकार. पुढे कथा मागच्या काळात जाते आणि बराच वेळ तिथेच रमते. मुलं गायब. भाग आठवड्याला दोन या हिशेबाने येत होते, तेव्हा तर बोंग-सोकचं तोंड बघायला लोक आठवडेच्या आठवडे थांबले.

गंमत म्हणजे मालिकेतला सर्वांत चांगला ऐवज याच मधल्या भागांत आहे. 1990 च्या दशकातली मी-ह्यन आणि उडणारा हेर किम दू-शिक यांची प्रेमकथा. तिच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर तो अधांतरी येऊन उभा राहतो. आणि जांग जू-वॉन, हुई-सूचा बाप, कितीही भोसकला तरी न मरणारा गुंड. लॉजमध्ये एकटा पडून मारधाडीच्या कादंबऱ्या वाचतो, आणि वाचतो त्या त्यातल्या प्रेमासाठी. स्कूटरवरून कॉफी पोचवणारी जी-हुई त्याला भेटते. हा माणूस रस्ते विसरतो, लॉजच्या बोळांतसुद्धा चुकतो. र्यू सुंग-र्योंग या नटाचा तो गोंधळलेला राकट चेहरा आम्हाला विसरता येत नाही. पुढे ती अपघातात जाते, आणि ज्याची कुठलीच जखम टिकत नाही तो हुंदके देत राहतो.

रडवलं, कबूल. पण जी-हुईला कथेत आणलंच या रडण्यासाठी, हेही दिसतं. तिला स्वतःचं काय हवं होतं याला मालिकेत फार कमी जागा मिळालीय.

(दृश्य : म्हापशातलं पेडें क्रीडा संकुल. मुली लांब उडीचा सराव करताहेत.)

हुई-सू शारीरिक शिक्षणाच्या कॉलेज प्रवेशासाठी तयारी करतेय. आधीच्या शाळेत ती एकटी 17 जणांशी भिडली, त्यामुळे शाळा बदलावी लागली. आता रोज शाळा सुटल्यावर व्यायामशाळेत सराव, आणि बोंग-सोक तिच्या उड्या मोजायला. हे प्रसंग गोड आहेत. पण गोव्यात बसून बघताना एक प्रश्न आम्हाला सोडवेना. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालात खेळाच्या गुणांचा हिशेब घरोघर चालतो. पोरं त्या गुणांसाठी गुडघे फोडून घेतात. मग जिचा गुडघा फुटला तरी लगेच भरतो, तिने त्याच परीक्षेत उतरावं का? बाकीच्या मुलींचं काय? या प्रश्नापाशी मालिका थांबतच नाही. तिच्या जगात शक्ती रक्तातून येते, वारसाहक्काने. ज्यांच्या घरात ती नाही ती मुलं मागच्या बाकांवर बसून गर्दी करतात. सामान्यांचं गुणगान गाणाऱ्या मालिकेत शेवटी घराणीच मोठी, ही आमची सर्वांत मोठी तक्रार.

शेवटच्या भागांत उत्तर कोरियाचं पथक शाळेवर चालून येतं. भिंती पडतात, मजले पडतात, माणसं पडतात आणि उठतात, पुन्हा पडतात. किती वेळ? फार वेळ. त्यातही एक गोष्ट लेखकाने चांगली केलीय. हल्लेखोरांनाही भूतकाळ दिलाय. त्यांच्याही राजवटीने त्यांना असंच पकडून, वाकवून वापरलंय. दोन्हीकडच्या वरिष्ठांना पोरं म्हणजे फक्त फायली. हे कळतं तेव्हा पडद्यावरचा गलका थोडा सुसह्य होतो.

आणि कांग-हून? तिसरा विद्यार्थी. बाप मतिमंद, दुकानासमोर बसून लेकाची वाट बघणारा, आणि त्याच्या अंगातही तीच ताकद. किम सुंग-क्यूनने हा बाप असा उभा केलाय की त्याने नुसतं रस्त्याकडे बघितलं तरी पुरे. पण मुलाच्या वाट्याला राहिलेले तुकडे. बापासाठी त्याला खात्याशी सौदा करावा लागतो, म्हणजे तिघांत सर्वांत अवघड निवड याची. तरी प्रेमकथा संपली, आईबापांचा इतिहास संपला, की उरलेल्या वेळात त्याचं आटोपतं.

पहिल्यांदा बघणाऱ्यांनी सात भाग एका दमात संपवू नयेत, फ्रँकचा कंटाळा येईल. दोन-दोन बघा. आठव्यापासून घाई करू नका. शेवटची मारामारी पुढे सरकवलीत तरी आमची हरकत नाही. दुसरं पर्व येणार असं जाहीर झालंय. त्यात निदान पहिला भाग कांग-हूनला द्या, आणि त्याच्या बापाला दुकानासमोरून उठवू नका.