अंगावर काढलेलं दुखणं

मिरज जंक्शन. पंढरपूरकडची गाडी रिकामी होते आणि एक्स-रेची पाकिटं, जेवणाचे डबे घेतलेली माणसं रिक्षांकडे वळतात. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी इथं दवाखाना काढला. आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक उपचारांसाठी मिरज गाठतात.

जत तालुक्यातले हे काका आज बायपाससाठी आलेत. चढ चढताना छाती भरून यायची. "डाळिंबाचे पैसे आले की बघू," म्हणत दोन वर्षं अंगावर काढलं. आता सरकारी आरोग्य विमा योजनेच्या मदतनीसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या टेबलावर त्यांचं रेशनकार्ड आहे. योजनेच्या हिशेबात हे ऑपरेशन 'वाढलेला खर्च' म्हणून नोंदलं जाईल. ते दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं, हे त्या हिशेबात दिसणार नाही.

मग विम्यामुळे उपचार किती वाढले, हे मोजायचं कसं? आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून भागत नाही. 2012-13 ला दुष्काळ होता. तेव्हा पुढे ढकललेली ऑपरेशनं पाऊस झाल्यावर उरकली असतील, तर ते योजनेमुळे म्हणायचं का?

उत्तर जतच्या शिवेवरच आहे. ही योजना 'जीवनदायी' या नावानं जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यात होतं, सांगली नव्हतं. सांगलीची पाळी आली नोव्हेंबर 2013 मध्ये. सुमारे 16 महिने सोलापूरचं सांगोला योजनेत आणि लागूनच असलेलं सांगलीचं जत बाहेर. दुष्काळ दोघांनाही. त्या काळात सांगोल्यातले उपचार जतपेक्षा जितके जास्त वाढले, तितकीच वाढ योजनेच्या नावावर मांडता येते.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं तर 2008 साली गरिबांच्या विम्यासाठी चक्क चिठ्ठ्या काढल्या. नाव न निघालेल्यांच्या तुलनेत निघालेल्यांचं दवाखान्यात जाणं वाढलं, खर्चही वाढला. पण उपचारापायी होणारी देणी कमी झाली, नैराश्यही कमी झालं.

आपल्याकडे 2023 च्या निर्णयानं पांढरं रेशनकार्डही योजनेत आलं, संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांवर गेलं. हे व्हायलाच हवं होतं. मात्र आता ताडून पाहायला बाहेर कुणी उरलेलं नाही. म्हणून जुन्या 16 महिन्यांच्या नोंदी जपल्या पाहिजेत.

आणि घरातला खर्चही मोजला पाहिजे. काकांच्या शेजारी मावशी बसल्यात. त्यांच्या बीपीच्या गोळ्या योजनेत बसत नाहीत, मेडिकलमधून रोखीनं घ्याव्या लागतात. त्या पिशवीतून पाकीट काढतात, अंगठ्यानं उरलेल्या गोळ्या मोजतात आणि परत ठेवतात. एक दिवसाआड घेतात त्या.

"आजची नाही," मावशी सांगतात. "उद्याची हाय."