हेगच्या कोर्टात पुण्याचा तह

श्रोतेहो, नमस्कार.

आंतरराष्ट्रीय कायदा आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय आपल्याकडे बहुधा दोन वेगळ्या विभागांत शिकवतात. कायद्याचा अभ्यासक विचारतो, हक्क कुणाचा? राजकारणाचा अभ्यासक विचारतो, जोर कुणाचा? १९९०च्या दशकापासून दोन्हीकडचे लोक एकमेकांचं लिखाण आवर्जून वाचू लागले. ते का गरजेचं होतं, हे दादरा-नगरहवेलीच्या खटल्याइतकं कुठेच स्पष्ट दिसत नाही.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातलं दादरा आणि नगरहवेली मुक्त केलं. त्या तुकड्यांत आपले सुधीर फडके होते. पोर्तुगीजांना आपल्या दमणहून तिथे सैन्य धाडायचं तर वाटेत भारताचा मुलूख, आणि भारताने वाट अडवली. जोराच्या हिशोबात पोर्तुगाल तिथेच हरला.

मग त्याने हक्काची वाट धरली. १४ डिसेंबर १९५५ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत दाखल झाला, १९ला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ला भारताविरुद्ध दावा ठोकला, की भारताच्या मुलखातून तिथे जाण्याचा आम्हाला हक्क आहे! अवघ्या आठ दिवसांत. भारताची संमती १९४०पासून तिथे होतीच. ती मागे घेऊन नव्या अटींची संमती दिली जानेवारीत, तोवर दावा दाखल झालेला.

आणि पोर्तुगालने पुढे केला काय, तर १७७९चा पुण्याचा तह! पाच वर्षांचे सवाई माधवराव गादीवर, कारभार नाना फडणवीसांच्या हाती, तेव्हाचा. दमणलगतच्या गावांतला बारा हजार रुपयांचा वसूल पेशव्यांनी पोर्तुगीजांना लावून दिला होता. आमच्या बाजूने वकील म्हणून मोतीलाल सेटलवाड उभे, न्यायाधीशांत भारतातर्फे छागला. न्यायालयाने तहाची कलमं तपासली आणि म्हटलं, पेशव्यांनी वसूल दिला, राज्य दिलं नाही. पेशव्यांनी वसूल दिला, राज्य नाही! पोर्तुगालची सत्ता तिथे मान्य झाली ती पुढे, इंग्रजांच्या काळात.

 

निकाल लागला १२ एप्रिल १९६०ला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता, तोही भारताच्या नियंत्रणाखाली. हे अकरा विरुद्ध चार मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता. हे आठ विरुद्ध सात, म्हणजे एका मताने. आणि भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा.

आता पाहा, त्या प्रदेशाचा कारभार सात वर्षं तिथली वरिष्ठ पंचायत चालवत होती. मुलूख हाताशी होता, तरी भारताने तो १९६१पर्यंत रीतसर सामील केला नाही. नुसता जोर पाहणाऱ्याला या सात वर्षांचा अर्थ लागत नाही. नुसता हक्क पाहणाऱ्याला १९५४ कळत नाही. शेवटी ऑगस्ट १९६१मध्ये बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसासाठी त्या प्रदेशाचं प्रमुख केलं, कारण करारावर नेहरूंसमोर सही करायला दुसरा पक्ष हवा होता. त्यांनी सही केली आणि विलीनीकरण झालं.