नितळ पाण्यातला मोठा वॉलआय

श्रोतेहो, नमस्कार. मिनेसोटातली आपली काही मंडळी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला जातात. तिथे वॉलआय नावाचा शिकारी मासा असतो. छोटे वॉलआय मिळतात, मोठा मात्र हुलकावणी देतो. तो का, ते तिथल्याच मिल लॅक्स तळ्यावरून पाहू.

तळं सुमारे १,३२,००० एकरांचं, पण सगळ्यात खोल जागा जेमतेम ४२ फूट. २००५ साली इथे झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म शेवाळ खातात, त्यामुळे पाणी आणखी नितळ झालं. वॉलआयच्या डोळ्यात उजेड परत फेकणारा थर असतो. अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं, म्हणून नितळ तळ्यात तो तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. सूर्यास्ताआधीचा अर्धा तास आणि नंतरचा एक तास, खरी वेळ एवढीच. त्या वेळेत ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचा गिरमिट, चालवत बसलात तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

जानेवारीत पाचच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा तीनपर्यंत सगळी भोकं पाडून मोकळे व्हा. खडकाळ उंचवट्याच्या उतारावर, बारा फूट खोल पाण्यापासून पंचवीस फूट खोल पाण्यापर्यंत, पाच-सहा भोकं एका रेषेत पाडा. मासा संध्याकाळी खोलातून याच उतारानं वर येतो. भोक दहा इंची बरं. आठ इंचीत जाड मासा कडेला अडकतो आणि दोर बर्फावर घासून तुटतो. भोकाभोवतीचा बर्फाचा भुगा झाडू नका. स्वच्छ केलेल्या जागेतून उजेड थेट खाली जातो, पावलांचा आवाजही. बर्फ पारदर्शक असेल तर किमान चार इंच, पांढरा असेल तर दुप्पट जाड हवा, तेही फक्त चालत जायला. तंबूत हीटर लावलात तर हवा खेळती ठेवा.

रॉड अठ्ठावीस ते बत्तीस इंची, मध्यम ताकदीचा. रीलवर आठ पौंडी विणलेला दोर, मग छोटं स्विव्हल (फिरती कडी) आणि त्यापुढे तीन-चार फूट सहा किंवा आठ पौंडी फ्लुओरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहज न दिसणारा दोर. नितळ पाण्यात हा तुकडा आखूड ठेवून चालत नाही. टोकाला पाव औंसाचा स्पून, म्हणजे धातूचं चकाकतं आमिष. त्याच्या गळाला मिन्नो या छोट्या माशाचं फक्त डोकं टोचा. उजेड असेपर्यंत स्पून सोनेरी किंवा चंदेरी, अंधारात टॉर्च मारली की चमकत राहणारा. चमक मात्र बेताची ठेवा, टॉर्चचा झोत फार वेळ मारू नका. इथे भडक चमकेनं मासा बिचकतो.

आता फ्लॅशरवर, म्हणजे पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्रावर, माशाची खूण उमटली की हात आवरा. बहुतेक जण इथेच घोळ घालतात: आमिष माशाच्या डोक्यावर सोडतात, नाहीतर जोरजोरात हलवतात. वॉलआय वर पाहून झडप घालतो. म्हणून स्पून त्याच्या फूट-दोन फूट वर ठेवा आणि सावकाश उचलत न्या. मागे मागे आला तर उचलत राहा. थांबला तर जागच्या जागी नुसती थरथर, बस्स. खूण विझायला लागली, तर एकदा स्पून तळावर आपटून गाळ उडवा आणि पुन्हा वर घ्या. टुलिबी या छोट्या माशांच्या थव्यामागे लागलेले मोठे मासे तळापासून बरेच वर तरंगतात. मधल्या पाण्यात जाड खूण दिसली तर ती टुलिबीच असेल असं धरून सोडून देऊ नका.

हिवाळ्यात दोन दोर चालतात. दुसऱ्यावर चार-पाच इंची जिवंत मिन्नो, चार नंबरचा गळ पाठीच्या पंखाखाली, वर फूटभर अंतरावर छोटं शिसं. दोरावरचा फ्लोट (तरंगणारं बूच) जेमतेम तरंगेल इतकाच घ्या. मोठा फ्लोट खाली खेचताना माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष थुंकून टाकतो.

मोठे वॉलआय बहुतेक माद्या असतात, त्या सोडून दिलेल्याच बऱ्या. पण तीस फुटांहून खोल पाण्यातून वर काढलेल्या माशाचा पोटातला हवेचा फुगा ताणला जातो. सोडला तरी तो जगेलच असं नाही. म्हणून इतक्या खोलात मोठ्याच्या मागे लागू नका. कडाक्याच्या थंडीत डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठू लागतात, तेव्हा मोजपट्टी आधीच काढून ठेवा, हात ओले करा आणि मासा लगेच पाण्यात सोडा. मिल लॅक्सवर किती मासे ठेवायचे, किती लांबीचे, हे नियम राज्याच्या इतर तळ्यांपेक्षा वेगळे आहेत आणि बदलतातही. निघण्याआधी चालू हंगामाचे पाहून घ्या.