बालाबाकचे पाणसुरुंग

नमस्कार मंडळी. आज जपानच्या पाणसुरुंगांबद्दल बोलू, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात किनारे, बंदरं आणि सामुद्रधुन्या बंद करायला जपानने समुद्रात लावून ठेवलेले सुरुंग.

रचना आधी सांगतो. तळाला जड नांगर, त्याला तारेचा दोर, आणि दोराच्या वरच्या टोकाला पाण्याखाली अडकून राहिलेला लोखंडी गोळा. आत साधारण १०० किलो स्फोटक. गोळ्यावर शिशाची शिंगं असतात, शिंगात काचेची नळी, नळीत आम्ल. जहाज घासलं की शिंग वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरतं आणि तिथल्या तिथे बॅटरी तयार होऊन स्फोट होतो. परत सांगतो, बॅटरी धडकेनंतर तयार होते. आधी चार्ज नाही, त्यामुळे उतरायचा प्रश्नच नाही, गोळा गळका झाला नाही तर वर्षानुवर्षं तसाच धोकादायक. बेटांच्या वाळूत पुरायचे दोन शिंगांचे अर्धगोल सुरुंग पण होते, पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर १९४४ मध्ये ते होते, पण मला सांगायचीय ती गोष्ट फिलिपिन्सची.

पलावान आणि बोर्निओच्या मधे बालाबाकची सामुद्रधुनी आहे. जपानने तिथे सुरुंग लावलेले. १३ ऑगस्ट १९४४, रात्री दहाचा सुमार, अमेरिकेची फ्लायर नावाची पाणबुडी पाण्याच्या वरून चाललेली, ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून निघालेली, दक्षिण चीन समुद्रात जायचं होतं. मधल्या खोल पाण्यातून जायचा हुकूम, कारण सुरुंगाची भीती माहीत होतीच. आणि तरी सुरुंग लागला. एका मिनिटाच्या आत पाणबुडी गेली, ८६ माणसं होती, त्यातली चौदा-पंधरा जण पाण्यात बाहेर पडली, बाकीची आतच.

आता विचार करा, काळोखी रात्र, आभाळ भरलेलं, अंगाला डिझेल तेल, जमीन कुठल्या दिशेला तेच कळत नाही. कॅप्टन जॉन क्रॉली त्यांच्यातच होता. लांबवर वीज चमकली की डोंगर दिसायचा, तेवढ्यावर दिशा धरायची, परत अंधार. पहाटे तीनच्या सुमाराला चंद्र उगवला तेव्हा कुठे नीट दिशा मिळाली. तोवर काही जण मागे पडले होते आणि त्यांच्यासाठी थांबायचं तर सगळेच जाणार. उजाडताना जमीन दिसली तेव्हा क्रॉलीने सांगितलं, आता प्रत्येकाने आपापल्या ताकदीने पोहा.

दुपारी साडेतीनला ते ब्यान नावाच्या छोट्याशा बेटाला लागले. सतरा तासांच्या वर पाण्यात! काही जण वाहत आलेल्या ताडाच्या खोडाला धरून आले. एकूण आठ जण वाचले. ८६ पैकी आठ.

इथे मला एक बोलायचंच आहे. आपल्या कोकणात कितीतरी शाळांच्या दारात समुद्र आहे, आणि पोरांना पोहायला शिकवत नाहीत. बाकी सगळे विषय आहेत, पोहणं नाही. ते शिकवलं पाहिजे, प्रत्येक पोराला, पोरीला, विशेषतः मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. असो.

तर ब्यानवर पाणी नाही, खायला नाही, अंगावर नीट कपडे नाहीत, उन्हाने कातडी सोललेली. त्यांनी बांबूचा तराफा बांधला आणि बेटामागून बेट करत बगसुकला पोचले. तिथे १९ ऑगस्टला स्थानिक लोक भेटले, जपानविरुद्ध गनिमी काव्याने लढणाऱ्यांच्या बाजूचे, ते यांना पलावानवरच्या अमेरिकन टेहळणी तुकडीकडे घेऊन गेले. ३१ ऑगस्टच्या पहाटे दोन होड्यांतून ते समुद्रात गेले आणि रेडफिन नावाच्या पाणबुडीने त्यांना उचललं. ज्या गावकऱ्यांनी जपानी सैन्याच्या नाकासमोर हे केलं त्यांची नावं आपल्याला कोणी सांगत नाही, मोठ्या युद्धनौकांचे फोटो मात्र पुस्तकभर, हे मला पटत नाही.

त्याच भागात २६ जुलैला रोबालो पाणबुडी गेली होती. तिचे चार जण किनाऱ्याला लागले, पण जपान्यांच्या हाती सापडले आणि परत आले नाहीत. फ्लायरचा सांगाडा २००९ मध्ये सापडला, वाचलेल्यांच्या आठवणीवरून जागा शोधून.

बाकी थोडक्यात. जपानने आपल्याच समुद्रात हजारो सुरुंग लावले होते, वरून १९४५ मध्ये अमेरिकेने बारा हजारांच्या आसपास विमानातून टाकले, मग युद्ध संपल्यावर ते काढायचे कोणी? जपानी खलाशांनीच. दोन बोटींच्या मधे तार ओढायची, दोर कापला की गोळा वर येतो, मग लांबून गोळी घालायची. चुंबकाने फुटणारे वेगळे, त्यांना लाकडी बोटी. या कामात ७९ जण गेले, त्यांचं स्मारक जपानमधल्या कोतोहिराला १९५२ मध्ये उभं राहिलं. आणि याच लोकांपैकी काहींना १९५० मध्ये गुपचूप कोरियाच्या वोन्सानला पाठवलं होतं, ती गोष्ट पुढच्या शनिवारी याच वेळेला सांगतो. नमस्कार.